टाच नेमकी कुठे दुखते आणि कधी दुखते? कारण ओळखण्यापासून सहा आठवड्यांच्या उपायापर्यंत

सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. भिंतीला धरत, चवड्यावर लंगडत मोरीपर्यंत जावं लागतं. दहा-पंधरा पावलं झाली की कळ ओसरते आणि कामाच्या रगाड्यात ती विसरली जाते. संध्याकाळी मात्र तोच ठणका परत येतो. दोन-तीन महिने असे गेले की कुणी म्हणतं युरिक ॲसिड तपासा, कुणी म्हणतं कॅल्शियम कमी पडलंय. मग एक्स-रे निघतो, त्यात टाचेखाली हाडाची चोच दिसते आणि ‘हाड वाढलंय’ यावर शिक्कामोर्तब होतं.

घाई इथेच होते. प्रौढ माणसाची टाच दुखण्याची किमान सात-आठ वेगवेगळी कारणं आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला अपाय ठरू शकतो. पोटरी ताणण्याच्या ज्या व्यायामाने एकाची टाच सुधारते, त्यानेच दुसऱ्याची टाचेमागची शीर चिडते. तिसऱ्याच्या हाडाला बारीक चीर असेल तर सगळा व्यायाम थांबवावा लागतो. म्हणून उपायाआधी जागा आणि वेळ शोधायची. त्यासाठी लागतं एक बोट, थोडा उजेड आणि आठवडाभराचं लक्ष.

पहिली पायरी: आधी कातडी बघा

हे इतकं साधं आहे की राहूनच जातं. पाय धुऊन, पुसून, उजेडात टाच नीट बघा. खोल भेग पडली असेल तर चालताना तिच्या कडा ताणल्या जातात आणि सणसणीत दुखतं. शेतात काम करणाऱ्यांच्या टाचेत बाभळीच्या काट्याचं टोक मोडून आत राहिलेलं असतं. वरची जखम भरते, पण त्या एका ठिपक्यावर पाय पडला की जीव जातो.

घट्ट, गोल, जाड कातडी दिसली तर ती भोवरी आहे की चामखीळ, हे दाबून कळतं. भोवरी वरून सरळ दाबली की दुखते. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते आणि तिच्यात बारीक काळे ठिपके दिसतात. यातलं काही सापडलं तर पुढची सगळी शोधाशोध बाजूला ठेवा आणि आधी त्याचा इलाज करा. ब्लेडने घरी कापाकापी करू नका. मधुमेह असेल तर मुळीच नाही.

दुसरी पायरी: बोटाने जागा शोधा

खुर्चीवर बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. अंगठ्याने टाचेवर जोर देत हळूहळू सरका आणि सगळ्यात जास्त दुखणारी जागा शोधा. ‘अख्खी टाच दुखते’ असं वाटत असलं तरी बहुतेक वेळा एक जागा अशी निघते की तिथे अंगठा टेकताच पाय आपोआप मागे ओढला जातो.

टाचेच्या तळाला, पायाच्या कमानीकडची आतली कड दुखत असेल तर प्लांटर फॅशिया, म्हणजे टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला तळव्यातला चिवट पट्टा. तळाच्या अगदी मधोमध, मुका मार बसल्यासारखं दुखत असेल तर टाचेची चरबीची गादी. मागे, जिथे चपलेचा पट्टा किंवा बुटाची कड टेकते तिथे दुखत असेल तर अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी शीर, किंवा तिच्याजवळची पाण्याची पिशवी. दोन्ही तळहातांनी टाच डावी-उजवीकडून चेपल्यावर कळ आली तर हाडाची शंका घ्यायची. आणि बोट ठेवून जागाच दाखवता येत नसेल, नुसती आग, झिणझिण्या किंवा बधिरपणा असेल, तर नस.

तिसरी पायरी: वेळ लिहून ठेवा

आठवडाभर रोज तीन गोष्टी वहीत टिपा: सकाळच्या पहिल्या पावलाला दुखणं शून्य ते दहापैकी किती, दिवसभरात उभं राहणं किती तास, आणि रात्री झोपेत दुखलं का.

पहिल्या पावलाला जास्त, चालल्यावर कमी, दिवसअखेर पुन्हा जास्त, ही प्लांटर फॅशियाची चाल. पहिलं पाऊल ठीक, पण कडक फरशीवर अनवाणी जितकं जास्त चालाल तितकं जास्त दुखतं, ही गादीची. पाऊल टाकलं की दुखतं आणि चालत राहिलं की वाढतच जातं, ही हाडाच्या चिरेची. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ अंग आखडलेलं, बसून राहिलं की वाढणारं आणि हालचालीने मोकळं होणारं दुखणं संधिवाताकडे बोट दाखवतं. बसलेलं असताना, रात्री अंथरुणातही आग होत असेल तर नसेचा विचार करायचा.

जागा आणि वेळ एकमेकांशी जुळली की कारण बऱ्यापैकी पक्कं होतं. जुळत नसेल तर घरी अंदाज बांधत बसण्यापेक्षा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवलेलं बरं.

प्लांटर फॅशिया: सगळ्यात जास्त आढळणारं कारण

टाचेच्या हाडाच्या तळापासून पाचही बोटांच्या मुळांपर्यंत एक जाड, चिवट पट्टा गेलेला असतो. पायाची कमान तोलून धरणारी ही दोरीच. पाऊल उचलताना बोटं वर वळतात, पट्टा ताणला जातो, कमान उंचावते आणि मऊ पाऊल क्षणभर घट्ट तरफेसारखं होतं. दिवसात हजारो वेळा हे घडतं. सगळा ताण शेवटी जिथे येतो ती जागा म्हणजे टाचेच्या हाडाची आतली कड, आणि अंगठा दाबल्यावर जीव जातो तीही हीच.

या दुखण्याचं नाव ‘प्लांटर फॅसायटिस’ आहे, म्हणजे पट्ट्याची सूज. पण जुन्या दुखण्यात सूज थोडी आणि पट्ट्याच्या धाग्यांची झीज जास्त असते. धागे विस्कटतात, पट्टा जाड होतो. सोनोग्राफीत निरोगी पट्टा साधारण २ ते ४ मिलिमीटर भरतो आणि दुखऱ्या टाचेत तो ४ मिलिमीटरच्या वर गेलेला दिसतो. नुसत्या सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी हे दुखणं का जात नाही, याचं उत्तर यात आहे. गोळी त्या दिवसापुरती कळ मारते, झिजलेला पट्टा तसाच राहतो.

सकाळची कळ का येते? झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, पट्टा आणि पोटरी सैल, आखूड अवस्थेत रात्र काढतात. उठून उभं राहिल्यावर अंगाचं सगळं वजन त्यांना एका क्षणात ताणतं. दुपारी तासभर बसून उठल्यावरही हेच होतं.

खात्री करायला एक साधी परीक्षा आहे. उभं राहून दुखऱ्या पायाचा अंगठा दुसऱ्या कुणाला तरी हळूच वर उचलायला सांगा. टाचेच्या त्याच जागी कळ आली तर संशय पक्का होतो. आली नाही म्हणून मात्र पट्टा निर्दोष ठरत नाही.

आता त्या ‘वाढलेल्या हाडा’बद्दल. एक्स-रेतली ती चोच कधीच टाच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या पायातही सापडते, आणि प्रचंड टाचदुखी असलेल्या अनेकांच्या एक्स-रेत ती नसते. चोच मोडून किंवा विरघळून जायची वाट बघायची गरज नाही. टाच बरी होते तेव्हाही ती एक्स-रेत तशीच असते. ‘हाड कापल्याशिवाय सुटका नाही’ ही भीती मनातून काढून टाका.

टाचेची गादी

टाचेच्या हाडाखाली साधारण दीड-दोन सेंटिमीटर जाडीची चरबीची गादी असते. मधाच्या पोळ्यासारखे कप्पे, त्यात चरबी, आणि कप्प्यांच्या चिवट भिंती. चाळिशीनंतर ही गादी हळूहळू पातळ आणि कमी लवचीक होत जाते. त्याच टाचेत वारंवार स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतल्यानेही ती विरते. एखाद्या दगडावर जोरात टाच आपटली तर एका दिवसातही ती दुखावते.

इथे ताणण्याचे व्यायाम फारसे कामाचे नाहीत. चेंडू किंवा बाटलीवर टाच रगडली तर दुखणं वाढतं. इथे लागतो आधार: सिलिकॉनचा वाटीसारखा हील कप, जो गादीला बाजूंनी धरून मधे गोळा करतो, आणि घरात जाड सोलची चप्पल. सपाट पॅड घेऊ नका, कडा उंच असलेला कप घ्या, आणि दोन्ही पायांत घाला, नाहीतर एक पाय उंच होऊन कंबर कुरकुरायला लागते.

टाचेची मागची बाजू

पोटरीचे स्नायू जिथे टाचेच्या हाडाला बांधले जातात ती जाड शीर म्हणजे अकिलीस टेंडन. दुखणं हाडापासून २ ते ६ सेंटिमीटर वर असेल तर शिरेच्या मधल्या भागाचं, आणि हाडाला चिकटते तिथे असेल तर मुळाचं. हा फरक महत्त्वाचा आहे. मधल्या भागासाठी जिन्याच्या पायरीवर उभं राहून टाच पायरीच्या खाली सोडण्याचा व्यायाम उत्तम. मुळाच्या दुखण्यात तोच व्यायाम शिरेला हाडावर दाबतो आणि दुखणं वाढवतो. तिथे टाच फरशीच्या पातळीखाली नेऊ नका. चपलेत टाचेखाली एक-दीड सेंटिमीटर उंची द्या आणि मागची कड मऊ किंवा उघडी असलेलं पायताण वापरा.

एक जोखीम फार थोड्यांना ठाऊक असते. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या प्रतिजैविकांनी ही शीर दुखावू शकते, क्वचित तुटतेही. साठीच्या पुढे, आणि सोबत स्टेरॉइड चालू असेल तर धोका वाढतो. लघवीच्या किंवा पोटाच्या संसर्गासाठी अशी गोळी सुरू झाल्यावर टाचेमागे दुखू लागलं तर जोराची हालचाल थांबवा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा.

खेळताना किंवा बस पकडायला धावताना मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखा झटका बसला, ‘टप्प’ असा आवाज आला आणि त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येईना, तर शीर तुटली असं धरून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

हाडाची बारीक चीर

सवय नसताना चालणं-धावणं एकदम वाढवलं की टाचेच्या हाडाला केसासारखी चीर पडू शकते. पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारी मुलं, मॅरेथॉनचा सराव सुरू केलेले पस्तिशी-चाळिशीतले लोक आणि हाडं ठिसूळ झालेल्या वयस्क स्त्रिया हे नेहमीचे चेहरे. टाच दोन्ही बाजूंनी चेपली की कळ येते, पाऊल टेकवत नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेत चीर दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे, चाला’ म्हणून माणूस चालत राहतो आणि चीर वाढते. शंका असेल तर एमआरआय करावा लागतो. मालीश, ताण, चेंडू सगळं बंद.

उंचावरून टाचेवर पडणं ही वेगळी गोष्ट. आंबे-नारळ उतरवताना किंवा बांधकामाच्या परांचीवरून पडलेल्या माणसाची टाच सुजली असेल तर टाचेबरोबर कंबरेच्या मणक्याचाही एक्स-रे काढायला सांगा. आघात टाचेतून सरळ वर जातो आणि मणकाही दबलेला असू शकतो.

नस, संधिवात आणि बाकीचे संशयित

घोट्याच्या आतल्या बाजूने तळव्यात जाणारी नस दाबली गेली तर आग आणि झिणझिण्या येतात, घोट्याच्या त्या जागी टिचकी मारली की तळव्यात करंट जातो. कंबरेच्या मणक्यातली नस दबली तरी टाच दुखते. तेव्हा मांडीच्या मागून पोटरीपर्यंत ओढ लागते, खोकताना-शिंकताना कळ वाढते. अशा वेळी टाचेवर कितीही इलाज केले तरी उपयोग होत नाही.

चाळिशीच्या आतल्या माणसाच्या दोन्ही टाचा दुखत असतील, पहाटे कंबर आखडून जाग येत असेल, कधी डोळा लाल होऊन दुखत असेल किंवा कातडीवर सोरायसिसचे चट्टे असतील, तर हा स्पॉन्डिलायटिसच्या, म्हणजे मणक्याला सूज येऊन तो आखडण्याच्या, गटातला संधिवात असू शकतो. हा आजार शीर-पट्टे हाडाला जिथे चिकटतात तिथेच हल्ला करतो, म्हणून टाच. याला संधिवाततज्ज्ञच हवेत. अशी मुलं वर्षानुवर्षं चपला बदलत राहतात आणि मणका आखडत जातो, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

युरिक ॲसिडवर मात्र उगाच आळ येतो. गाउट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारा संधिवात, बहुतेकदा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी येतो: एका रात्रीत लाल, गरम, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही असा. पहिल्या पावलाला दुखून नंतर ओसरणारी टाच म्हणजे गाउट नव्हे. रिपोर्टात आकडा थोडा जास्त आला म्हणून डाळी सोडून टाच बरी होत नाही.

ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे खूप आहे, आणि ती जास्त असेल तर हाडं नुसती दाबली तरी दुखतात. तपासून घ्या, कमी असेल तर डॉक्टर सांगतील तेवढाच डोस घ्या. पण फक्त एका टाचेच्या आतल्या कडेला दुखत असेल तर त्याचा दोष एकट्या ड जीवनसत्त्वावर टाकू नका.

चौथी पायरी: आपली जोखीम मोजा

कारण कळलं, तरी याच वर्षी, याच पायात का, हा प्रश्न उरतो. टाचेला झेपतं त्यापेक्षा भार वाढला की ती दुखते. तो भार कुठून वाढला ते मोजून काढायचं.

पोटरी. हा सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. भिंतीकडे तोंड करून अनवाणी उभे राहा. पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंटिमीटरवर ठेवा. टाच जमिनीला घट्ट टेकलेली ठेवून गुडघा भिंतीला लावायचा प्रयत्न करा. टाच उचलली गेली तर पाय थोडा पुढे घ्या आणि टाच न उचलता गुडघा जिथे टेकतो ते अंतर पट्टीने मोजा. अंतर १० सेंटिमीटरपेक्षा बरंच कमी भरलं किंवा दोन पायांत दोन सेंटिमीटरचा फरक आला तर पोटरी आखडलेली आहे. घोटा पुढे वाकत नाही म्हणून पाऊल कमानीतून वाकतं आणि तो सगळा ताण पट्ट्यावर जातो. ज्यांनी वर्षानुवर्षं उंच टाचांचं पायताण वापरलं त्यांची पोटरी आखूड राहून गेलेली असते.

वजन. चालताना प्रत्येक पावलाला वजनाच्या सव्वापटीपर्यंत भार पायावर येतो, धावताना दोन-तीन पट. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३० च्या वर गेला की टाचदुखीची शक्यता बरीच वाढते. उंची १६० सेंटिमीटर असेल तर ही रेषा सुमारे ७७ किलोवर येते, आणि भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा २५, म्हणजे ६४ किलोवरच मानतात. अडचण अशी, की टाच दुखते म्हणून चालता येत नाही आणि चालत नाही म्हणून वजन वाढतं. यातून सुटायला सायकल, पोहणं किंवा बसून करायचे व्यायाम निवडा. गरोदरपणात वजन झपाट्याने वाढतं आणि सांधे सैल होतात, त्यामुळे तेव्हा आणि बाळंतपणानंतर टाचा दुखणं नेहमीचं आहे.

उभं राहण्याचे तास. वाहतूक पोलीस, शिक्षक, नर्स, साड्यांच्या दुकानातले विक्रेते, सुरक्षारक्षक, आचारी. यात गृहिणींचं नाव कुणी घेत नाही, म्हणून त्यांचे तास खरोखर मोजा. सकाळी साडेपाच ते साडेनऊ आणि संध्याकाळी पुन्हा तीन तास ओट्यापाशी, तेही अनवाणी, म्हणजे रोजचे सात तास. ओट्यासमोर न सरकणारी जाड रबरी मॅट टाका आणि जवळ एक पाट ठेवा. दहा मिनिटं एक पाय पाटावर, मग दुसरा. पोळ्या लाटणं, भाजी चिरणं बसून करा.

फरशी आणि अनवाणीपण. जुन्या घरांतल्या शेणाने सारवलेल्या जमिनीला थोडी लवचीकता होती. शहाबादी, कोटा, ग्रॅनाइट, व्हिट्रिफाइड टाइल यांना ती नाही. आपल्याकडे घरात चप्पल घालायची पद्धत नाही, आणि देवघर-स्वयंपाकघरात तर नकोच वाटते. मग घरासाठी एक वेगळी, कधीही उंबऱ्याबाहेर न जाणारी चप्पल ठेवा. बहुतेक घरांत ही तडजोड मान्य होते. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहायचं असेल आणि टाच आधीच दुखत असेल, तर त्या वर्षी हा नेम दुसऱ्या एखाद्या नेमाने बदलता येतो का ते घरच्यांशी बोला.

पायताण. हवाई चप्पल उलटी करून टाचेचा भाग बघा. नक्षी झिजून गुळगुळीत झाली असेल आणि दोन बोटांत दाबल्यावर सोल कागदासारखा वाटत असेल तर ती मोडीत काढा. बूट घेताना मागची कड चिमटीत दाबा, ती सहज चेपता कामा नये. मग बूट वाकवा. तो बोटांच्या मुळाशी वाकावा, मधोमध दुमडत असेल तर परत ठेवा. शेवटी पिळून बघा. ओल्या पंचासारखा पिळला जात असेल तर त्यात आधार नाही. टाच चवड्यापेक्षा एक ते अडीच सेंटिमीटर उंच असावी. कोल्हापुरी चप्पल चांगली, टिकाऊ, पण तिचा तळ सपाट आणि कडक असतो, तेव्हा दुखणं चालू असेतो ती समारंभापुरती ठेवा. धावण्याचे बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर, वरून नवे दिसले तरी, आतून बसलेले असतात.

कमान. आंघोळीनंतर ओल्या पायाने कोरड्या फरशीवर पाऊल उमटवा. पूर्ण तळवा उमटला तर पाय सपाट, टाच आणि चवडा यांना जोडणारी पट्टी जवळजवळ उमटलीच नाही तर कमान उंच. दोन्ही टोकांना धोका थोडा जास्त असतो, पण फक्त ठशावरून महागडे इनसोल बनवून घ्यायची घाई नको.

अचानक बदल. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटर अंतर, आणि त्यात दिवे घाट चढून सासवडला पोचणारा ३० किलोमीटरच्या आसपासचा टप्पा, वर्षभर दुकानात बसलेल्या पायांनी चालायचा म्हणजे टाच बोलणारच. वारीला जायचं असेल तर सहा ते आठ आठवडे आधी रोज दोन-तीन किलोमीटरपासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. वारीत घालायची चप्पल-बूट त्या सरावातच वापरून मोडवून घ्या, नवं पायताण घालून प्रस्थान करू नका. पावसाळी ट्रेक आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनलाही हेच लागू.

पाचवी पायरी: सहा आठवड्यांचा कार्यक्रम

हा फक्त प्लांटर फॅशियासाठी आहे, म्हणजे आतली कड आणि पहिल्या पावलाची कळ ज्यांच्यात जुळते त्यांच्यासाठी.

१. अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी बसा आणि दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. हाताने पाचही बोटं नडगीकडे ओढा, दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरवा. तारेसारखा ताणलेला पट्टा हाताला लागला पाहिजे, नाही लागला तर ओढ कमी पडते आहे. दहा सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा. दिवसात तीनदा, आणि बराच वेळ बसून उठण्याआधीही. मग पलंगाखाली ठेवलेल्या चपलेत पाय घालूनच उभं राहा.

२. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे ठेवा, गुडघा सरळ, टाच जमिनीवर, पाऊल सरळ पुढे. पोटरीत ओढ लागेपर्यंत पुढे झुका, तीस सेकंद धरा. तीन वेळा. मग मागचा गुडघा किंचित वाकवून पुन्हा तीन वेळा, कारण पोटरीचा आतला स्नायू गुडघा वाकवल्यावरच ताणला जातो. दिवसात दोनदा. नेहमी होणारी चूक म्हणजे मागचं पाऊल बाहेर वळणं. तसं झालं की ओढ पोटरीतून निसटते.

३. एक दिवसाआड ताकदीचा व्यायाम. पंचा घट्ट गुंडाळून जिन्याच्या पायरीच्या कडेला ठेवा, त्यावर बोटं टेकतील असे उभे राहा, कठड्याला धरा. तीन सेकंदांत टाचा वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. सुरुवातीला दोन्ही पायांवर, जमू लागलं की एका पायावर. बारा-बारा वेळा तीन फेऱ्या. दोन आठवड्यांनी पाठीवर पुस्तकं भरलेली सॅक घेऊन वजन वाढवा आणि दहा-दहाच्या चार फेऱ्या करा, पुढे आठ-आठच्या पाच. झिजलेल्या पट्ट्याला पुन्हा भार पेलायला शिकवणारा हाच व्यायाम आहे, आणि लोक सगळ्यात आधी सोडतात तोही हाच.

व्यायाम करताना दहापैकी तीन-चार इतकं दुखणं चालेल. दुसऱ्या सकाळी पहिल्या पावलाचा आकडा वाढलेला दिसला तर फेऱ्या कमी करा. वहीतला आकडा आठवड्याच्या सरासरीने बघा. एखाद्या लग्नात दिवसभर उभं राहिल्यावर तो उसळणारच, त्याने घाबरून जाऊ नका. बहुतेकांना पूर्ण आराम पडायला सहा महिने ते वर्ष लागतं, पण सहा-आठ आठवड्यांत आकडा खाली सरकताना दिसला पाहिजे.

शेकण्याबद्दल. पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवा, पातळ फडक्यात गुंडाळा आणि संध्याकाळी दहा मिनिटं तळव्याखाली फिरवा. आपल्याकडे वीट तापवून, तिच्यावर रुईचं पान ठेवून टाच शेकायची जुनी पद्धत आहे. ऊब बरी वाटते, पण मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला चटका कळत नाही, आणि त्या भाजलेल्या टाचेतून महिनोनमहिने न भरणारी जखम होते. रुईचा चीकही कातडीला झोंबतो आणि डोळ्यात गेला तर इजा करतो. मधुमेह असेल तर वीट, कडक मीठपाणी, हीटिंग पॅड, गोठवलेली बाटली, काहीच नको.

डॉक्टरांकडे कधी, आणि तिथे काय विचारायचं

सहा-आठ आठवडे नेमाने करूनही आकडा हलला नाही तर दाखवा. मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून आठवडेच्या आठवडे घेऊ नका. रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास किंवा अल्सर असेल तर त्या गोळ्या टाचेपेक्षा मोठं दुखणं मागे लावतात.

इंजेक्शनचा प्रस्ताव आला तर आधी विचारा की ते कशाचं आहे आणि या टाचेत आजवर किती झाली. स्टेरॉइडने महिना-दोन महिने चांगला आराम पडतो, पण पुढे तो टिकेलच असं नाही, आणि गादी विरणं किंवा पट्टा तुटणं हे धोके आहेत. रात्री पाऊल काटकोनात धरून ठेवणारा स्प्लिंट, टेपिंग, शॉकवेव्हच्या (यंत्राने टाचेवर दाबलहरी सोडण्याच्या) काही बैठका, हे मधले पर्याय आहेत. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते आणि तीही बाकी सगळं निदान सहा महिने ते वर्षभर करून झाल्यावर.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर मात्र आठवडे मोजत बसू नका. पडल्यानंतर पाय टेकवतच नाही. टाच लाल, गरम आणि सोबत ताप. रात्री झोपेतून उठवणारं, विश्रांतीनेही न थांबणारं दुखणं, विशेषतः वजन घटत असेल किंवा आधी कर्करोग झाला असेल तर. एकाच पायाची पोटरी सुजून दुखते आहे, जी रक्ताची गुठळीही असू शकते. पाय बधिर होतोय किंवा पाऊल उचलताना लोंबतं आहे. मधुमेहाच्या माणसाच्या टाचेला भेग, फोड किंवा काळा डाग दिसतोय, मग ती दुखत नसली तरीही. मधुमेहात न दुखणारी जखमच जास्त घातक, म्हणून अशा घरात रोज रात्री कुणीतरी दुसऱ्याने त्या टाचा उजेडात बघायच्या.